अर्ध्या ओव्यांची जाईबाई

गाण्यासाठी हातातल्या बांगड्या काढा, असं जाईबाईला चौसष्ट वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगणारा अमरावतीत, राजापेठेच्या पलीकडे एका कापडदुकानाच्या वर बसला होता. त्याचं नाव धर्मेंद्र. एके काळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, आता स्वतःचा स्टुडिओ टाकून बसला होता आणि जाईबाईच्या जात्यावरच्या ओव्यांचा अल्बम काढत होता. माणूस वाईट नव्हता. पण काही चांगली माणसंच डोक्याला जास्त ताप देतात, त्यातला तो होता.

"मावशी, बांगड्यांचा आवाज येऊन राहिला माइकमध्ये. काढून ठेवा ना."

"मालक जिता आहे माहा," जाईबाई म्हणाली.

मालक म्हणजे रामराव. ते काचेच्या पलीकडे खुर्चीच्या टोकावर बसले होते आणि आपण जिवंत असल्याची खात्री पटवायला त्यांनी हातही हलवला. शेवटी बांगड्यांवर रुमाल गुंडाळला. दोन्ही मनगटांवर गाठी मारलेली ती बाई आता गाणारी कमी आणि हात भाजलेली जास्त दिसत होती.

त्याआधी जात्याचं प्रकरण होऊन गेलं होतं. जात्याशिवाय मला ओवी येत नाही, हे जाईबाईनं पहिल्या फोनवरच सांगितलं होतं. धर्मेंद्र "आणा ना मावशी, बिनधास्त आणा" म्हणाला होता. म्हणून चांदूर रेल्वेजवळच्या तिच्या गावातून ते जातं पिकअपमध्ये घालून आणलं. दोन जिने चढवताना दोन हमालांनी जात्याच्या आणि जात्यावर गाणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि एवढं करून जातं माइकसमोर फिरल्यावर धर्मेंद्रनं कानावरचा हेडफोन असा काढला की जणू आत विंचू होता. घरघर फार येते म्हणे. जातं बाहेर पॅसेजमध्ये गेलं. दुपारपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यावर चपला काढायला सुरुवात केली.

जाईबाईनं ते पाहिलं. चपला उचलून बाजूला ठेवल्या, जात्याला हात लावून पाया पडली, आणि आत येऊन बसली. राग गिळून गायची तिला सवय होती. सासरी आल्यापासून ती तेच करत आली होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या अर्ध्या ओव्या त्यातूनच झाल्या होत्या.

आता ही अर्धी म्हणायची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथंच आहे.

जाईबाईच्या सासूनं घरात एक दंडक घालून दिला होता. दोघी सुना जात्यावर समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. ओवीची पहिली ओळ थोरलीनं उचलायची, दुसरी धाकटीनं झेलायची. उचल थोरलीची, झेल धाकटीचा. थोरली म्हणजे जाईबाई, धाकटी म्हणजे कौशल्या. गावात पिठाची गिरणी आली, दळण गेलं, पण तूर भरडायला जातंच लागायचं. शेतातली तूर घरात आली की महिनाभर रोज दुपारी दोघी बसायच्या. एकदा जाईबाईनं हौसेनं दोन्ही ओळी एकटीनं म्हटल्या, तर सासू आतून म्हणाली होती, "आपल्या हातानं आपलीच पाठ कायले थोपटून राहिली वं?" त्यानंतर जाईबाईनं कधी झेलाच्या वाटेला जायचं नाव काढलं नाही. तीस-बत्तीस वर्षं ती उचलत राहिली आणि कौशल्या झेलत राहिली.

स्टुडिओत धर्मेंद्रनं बोट वर केलं. कानात टकटक सुरू झाली. ही टकटक कशाला, असं तिनं विचारलं होतं, तर ताल राहायला पाहिजे म्हणे. जात्यात तुरीचा घास टाकला की ओवी थोडी थांबते, मग पुन्हा ओढ घेते, हे त्या टकटकीला कुठून ठाऊक असणार! तरी जाईबाईनं डोळे मिटले आणि उचललं.

*माहेराहून येतायेता पायी रुतला काटा…*

आवाज असा लागला की काचेपलीकडे धर्मेंद्रनं मान डोलावली. आणि जाईबाई थांबली. उजवा हात हवेतला खुंटा ओढत राहिला. एक फेरा, दोन फेरे.

"पुढं, मावशी."

"हो."

तिनं पुन्हा उचललं. पुन्हा थांबली. पुन्हा हात फिरला. तिसऱ्यांदा धर्मेंद्र आत आला.

"मावशी, पुढची ओळ काहून नाई म्हणत?"

"पुढची माही नाई."

"मग कोणाची?"

"कौशल्याची."

धर्मेंद्रनं कपाळाला हात लावला. म्हणाला, तीस वर्षं ऐकली असेल ना तुम्ही, कानावर तर पडली असेल. आणि तेव्हा जाईबाईच्या ध्यानात आलं की पडली होती, पण राहिली नव्हती. कौशल्या झेलायची तेव्हा ही श्वास भरून घ्यायची, मूठभर तूर जात्याच्या तोंडात घालायची आणि पुढची उचल जुळवायची. तीस वर्षं जी बाई समोर बसून गात होती, तिचं गाणं हिनं कधी धड ऐकलंच नव्हतं. एक ओवी घेतली, दुसरी घेतली, दहावी घेतली. बासष्ट ओव्या तिनं मोठ्या तोऱ्यात फोनवर कबूल केल्या होत्या. त्यातल्या सात पुऱ्या निघाल्या. बाकी पंचावन्न अर्ध्या.

इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. आणि लाजेपेक्षा राग जास्त आला, तो कोणावर काढावा हे कळेना म्हणून तिनं रामरावांवर काढला. "तुमाले तरी आठवाले काय झालं होतं? ओट्यावर बसून रोज तं आयकत होते!" रामराव म्हणाले, "मी आयकत नव्हतो बाप्पा, झोपत होतो."

"सोपं आहे मावशी," धर्मेंद्र म्हणाला. "त्या कौशल्याबाईंना घेऊन या."

सोपं म्हणे. कौशल्या नऊ वर्षांपासून जाईबाईशी बोलत नव्हती.

आणि त्याला कारण जाईबाईच होती, हे ती मनातल्या मनात कबूल करायची, तोंडानं नाही. कौशल्याच्या लेकीचं, आकांक्षाचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी जात्याला आंब्याचं पान आणि सुपारी बांधतात, थोरली-धाकटी बसतात, पहिली ओवी घालून हळद दळतात आणि मग बाकीच्या बाया हात लावतात. नेमक्या त्याच दिवशी अकोल्याच्या लोकगीत संमेलनाचं बोलावणं आलं. जाईबाई म्हणाली, सकाळच्या गाडीनं जाते, बारापर्यंत येते. अकोल्यात सत्काराची भाषणंच अडीचपर्यंत चालली. तिच्या वाट्याला एक ओवी, एक शाल आणि एक नारळ आला. आणि जुन्या सवयीनं तिथंही ती पहिली ओळ म्हणून थांबलीच होती. लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाच कळायला हवं होतं. पण टाळ्या कानात शिरल्या की बाकीचं काही शिरत नाही.

इकडे कौशल्या बारा वाजेपर्यंत जात्याशी एकटी बसून होती. बाया म्हणाल्या, तूच उचल. ती म्हणाली, माझं काम झेलायचं. शेवटी हळद मिक्सरमधून काढली. संध्याकाळी जाईबाई शाल पांघरून आली, तेव्हा कौशल्या एकच वाक्य बोलली, "तुमाले माइकात गायचं होतं, मंग आता माइकातच गा." त्याच उन्हाळ्यात घराच्या वाटण्या झाल्या, अंगणात डोक्याएवढी भिंत आली. जातं जाईबाईच्या बाजूला राहिलं. त्या वर्षापासून दोन्ही घरांची तूर मशीनवर जाऊ लागली.

अमरावतीहून परतल्यावर दोन दिवस जाईबाईनं स्वयंपाकघरातली भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी ती नऊ वर्षांनी कौशल्याच्या फाटकातून आत गेली.

कौशल्या अंगणात अंबाडीची भाजी निवडत होती. शेजारी बकरी बांधलेली. कौशल्यानं वर पाहिलं, मग भाजीकडे पाहिलं. जाईबाईनं घसा साफ केला आणि तिच्यानं होईल तेवढं सरळ सांगितलं. अल्बम निघून राहिला, ओव्या अर्ध्याच येऊन राहिल्या, तू चल.

कौशल्या बकरीकडे वळली.

"चांदे, इचार त्याईले, अकोल्याची शाल अजून गरम आहे का?"

"कौशल्या, मी तुह्याशी बोलून राहिली."

"चांदे, सांग त्याईले, मी कोनाशी बोलून नाई राहिली. मी तुह्याशी बोलून राहिली."

बकरी अंबाडीची देठं खात होती. तिला दोन्ही जावांच्या भानगडीत पडायचं नव्हतं, आणि तेच शहाणपणाचं होतं.

"हे आपल्या सासूचं आहे कौशल्या. माह्यं एकटीचं नाई."

यावर मात्र कौशल्याचे हात थांबले. जाईबाईला वाटलं, आता ऐकते. पण तेवढ्यात तिनं एक चूक केली. म्हणाली, "आन् तुहंबी नाव येईन ना त्याच्यावर, लहान अक्षरात."

धर्मेंद्रनं जसं सांगितलं होतं तसंच तिनं सांगितलं. मागे साथ देणाऱ्यांची नावं लहान अक्षरात असतात, असं तो म्हणाला होता. पण बोलून झाल्यावर ती ओळ तिची तिलाच कडू लागली. कौशल्यानं भाजीची सुपली उचलली.

"चांदे, सांग त्याईले. त्याईच्यापाशी उचल आहे नं मोठी? माहा झेल माह्यापाशी राहू दे. संगंच घेऊन जाईन."

फाटकाबाहेर येईपर्यंत जाईबाई धड चालत होती. मग भिंतीच्या कडेला उभी राहून तिनं स्वतःच्या तोंडावर एक चापट मारून घेतली. लहान अक्षरात! कुठून सुचलं तिला हे?

आकांक्षानं अकोल्याच्या तिच्या सासरहून फोन करून आईला समजावलं. आईनं तिलाही बकरीकडे पाठवलं. इकडे धर्मेंद्रला घाई. त्यानं अकोल्यातला हॉल घेऊन ठेवला होता, पत्रिका छापायला दिल्या होत्या. तो म्हणाला, मावशी, चिंता करू नका, आपले नत्थुजी आहेत ना.

नत्थुजी म्हणजे अकोल्याचे निवृत्त शिक्षक आणि कवी. जिथं जिथं सत्कार असतो तिथं तिथं त्यांची कविता असते. त्यांनी पंचावन्न ओव्यांचे राहिलेले अर्धे भाग दोन बैठकांत लिहून काढले, अगदी सुवाच्य अक्षरात, समास सोडून. आणि झेल म्हणायला हर्षा नावाची एक गायिका आणली. पोरगी गोड होती, गळाही गोड होता. जाईबाईला "आजी" म्हणाली, पाया पडली. तिच्यावर रागावायलाही जागा नव्हती.

पहिल्याच ओवीला गाडी अडली. तिची उचल होती, *सासू म्हने सूनबाई, पीठ काहून जाड?* याचा झेल तिला आठवत नव्हता, पण एवढं पक्कं ठाऊक होतं की तो आला की सासू स्वतः आतून हसायची. त्यात कुठं तरी सासूच्या वयाची टिंगल होती, दाताची की दाढेची. आणि हर्षानं डोळे मिटून, गळ्याला हेलकावे देत गायलं,

*सासूबाई माझी जणू मायेचं झाड.*

"हे नाई," जाईबाई म्हणाली.

"काय नाई, मावशी?"

"हे असं नाई. सासूनं तक्रार केली, आन् सून तिले झाड म्हनते? कोनत्या घरी असं होते?"

"बरं, मग काय आहे ते सांगा," धर्मेंद्र म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचाच जाईबाईला सगळ्यात जास्त त्रास झाला. कारण सांगायला तिच्याकडे काही नव्हतं. एखाद्याला चुकीचं म्हणावं आणि बरोबर काय ते येऊ नये, यासारखी मान खाली घालायला लावणारी गोष्ट नाही. ती पुन्हा कौशल्याकडे जाऊ शकली असती. लहान अक्षराबद्दल, हळदीबद्दल माफी मागू शकली असती. थोरलेपण आडवं आलं. थकली होती, चिडली होती. तोंडातून निघून गेलं, "करा मंग तुमच्या मनानं."

त्यांनी केलं. मनानंच केलं. मागं बासरी घातली. घुंगरू घातले. जात्याची घरघर नको म्हणून जातं बाहेर काढलं होतं, ती घरघर आता कॉम्प्युटरमधून काढून, मऊ करून, परत घातली. कव्हरच्या फोटोसाठी जाईबाईला नऊवारी नेसवली आणि नाकात नथ अडकवली. जाईबाईनं आयुष्यभर सहावारी नेसली होती आणि नथ जन्मात घातली नव्हती. फोटो पाहून रामराव म्हणाले, "ही कोन बाई?" जाईबाई म्हणाली, "मले काय माईत."

फाल्गुनात अकोल्यात प्रकाशन झालं. हॉल भरलेला, समई पेटलेली, नत्थुजींची कविता झालेली. मोठ्या स्पीकरवर मायेचं झाड लागलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. जाईबाईला पुन्हा शाल मिळाली. नारळ मिळाला. तिला वाटत होतं, उठावं आणि ओरडून सांगावं की हे खोटं आहे. पण सांगून पुढं काय गावं? हा प्रश्न आला की ती बसून राहायची. परतीच्या गाडीत तिनं शाल पिशवीत कोंबली. बडनेऱ्याला म्हणाली, "म्या इकल्या माह्या सासूच्या ओव्या. फुकटात." रामरावांनी शेंगदाण्याची पुडी पुढं केली. तिनं घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामरावांनी अंगणात खाट टाकली आणि मोबाइलवर अल्बम लावला. बायकोचा फोटो असलेलं गाणं लागतं याचं त्यांना अप्रूप होतं. आवाज पूर्ण सोडला. जाईबाई आत होती, बंद करा म्हणून सांगायला बाहेर आली. काट्याची ओवी सुरू होती. तिची उचल झाली, *माहेराहून येतायेता पायी रुतला काटा*. मग हर्षाचा गोड गळा,

*भाऊरायाच्या मायेनं फुलून गेल्या वाटा.*

भिंतीपलीकडे काही तरी लोखंडी जोरात आपटलं.

जाईबाई जागच्या जागी थांबली. पलीकडे खलबत्ता चालला होता, तो थांबला होता. पुढची ओवी लागली. उचल झाली, नत्थुजींचा झेल झाला, आणि पलीकडे पुन्हा दणका. बरोबर झेलावर. मग पुढच्या झेलावर. चांदी घाबरून ओरडली.

रामराव म्हणाले, "बंद करू का वं?"

"हात नोका लावू," जाईबाई म्हणाली.

त्या दिवशी पहिल्यांदा तिचं डोकं चाललं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, बरोबर कौशल्या अंगणात येते त्या वेळी, जाईबाईनं स्वतः मोबाइल घेतला आणि भिंतीच्या विटांवर ठेवला, तोंड पलीकडे करून. पुरा अल्बम लावला. पलीकडे भांडी वाजली. तिसऱ्या दिवशी मायेचं झाड तेवढं सात वेळा लावलं. पलीकडून कौशल्या बकरीला काही तरी म्हणाली, ते छापण्यासारखं नव्हतं. हे दुष्टपणाचं आहे हे जाईबाईला कळत होतं. पण नऊ वर्षांत तिला पलीकडून भांड्याचा सुद्धा जबाब मिळाला नव्हता.

चौथ्या दिवशी काट्याची ओवी लावली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हर्षानं "भाऊरायाच्या" म्हटलं मात्र, आणि पलीकडून आवाज फुटला,

"वाटा! वाटा आहे तो! *राहू दे वं तिथंच त्याले, तेवढाच माहा वाटा!* फुलून गेल्या म्हने! कायच्या फुलून गेल्या? कोनत्या भावानं बहिनीले वाटा देल्ला आजलोक? तो काटाच तं भेटला तिले माहेराहून, म्हनून काढू नाई देत ती!"

मोबाइल भिंतीवरून जाईबाईच्या हातात आला आणि बंद झाला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तीस वर्षं समोर बसून तिनं ही ओळ ऐकली होती, म्हणजे नव्हती ऐकली. आज ऐकली.

"कौशल्या?"

पलीकडे भांडी खडखडली.

"कौशल्या, बोलली तू."

"मी कोनाशी बोलून नाई राहिली," पलीकडून आलं. "मी गानं नीट करून राहिली."

जाईबाई जात्याकडे गेली. ते स्टुडिओतून आल्यापासून तसंच पोत्याखाली पडलं होतं. पोतं काढलं, जात्यापाशी बसली, खुंटा धरला. दोघींचा खुंटा एकटीला जड गेला. तिनं उचललं,

*सासू म्हने सूनबाई, पीठ काहून जाड?*

आणि भिंतीवरून, चिडक्या, बसक्या, खऱ्या आवाजात,

*तुमच्याच वयाचं जातं, त्याचीबी पडली दाढ!*

रामराव खाटेवर हसले. सासू हसायची तसेच. मग जाईबाई थांबली नाही. एकामागून एक उचलत गेली, आणि एकामागून एक झेल येत गेला. या वेळी ती श्वासही जपून घेत होती, कारण झेल ऐकायचा होता. रामरावांनी हळूच मोबाइल काढला, तिच्याकडे धरला. तिनं मानेनंच नको म्हटलं. मग एकदम मनात आलं की कोणाजवळ तरी हे राहायला हवं होतं, आपण मूर्ख आहोत. पण आता या घडीला परत माइक नको होता. माइकापायीच सगळं झालं होतं.

तिच्या उचली संपत आल्या. शेवटी तिनं एक अशी उचलली जी सासूची नव्हती, कोणाचीच नव्हती. नऊ वर्षं ती तिच्या घशात अडकली होती.

*हळदीच्या दिशी बाई, जातं राहिलं उपाशी…*

जातं एक फेरा फिरलं, दुसरा फिरलं. जाईबाईला वाटलं, गेली ती आत. तिसऱ्या फेऱ्याला झेल आला, आणि तो गातानाच फुटला,

*थोरली गेली अकोल्याले, मी गावू कोनापाशी?*

जाईबाईचा हात खुंट्यावर थांबला. हिला बारा वाजेपर्यंत तिथं बसवून ठेवलं आपण, बायांच्या समोर, पोरीच्या हळदीला. हे तिला ठाऊक होतं, पण ते असं, कौशल्याच्या आवाजात, तिनं कधी ऐकलं नव्हतं. आता पुढची ओळ तिला उचलायची होती. ओवी जुळत होती, पण तिनं ती बाजूला ठेवली. निघालं ते साधंच निघालं.

"चुकलं माह्यं, कौशल्या."

भिंतीपलीकडे बराच वेळ कोणी नाक ओढत होतं.

"हे ओवीत नाई बसत," कौशल्या म्हणाली. "नीट उचला."